भरगच्च नको, नेटकं हवं : दागिने, कपडे आणि बेताची शोभा

शेवंती

लग्नसराई सुरू झाली की कार्यालयात एक ठरलेलं दृश्य दिसतं. शिवलेली नऊवारी, गळ्यात चिंचपेटी, तिच्याखाली ठुशी, तिच्याखाली कोल्हापुरी साज, मग लक्ष्मीहार, हातात कोपरापर्यंत बांगड्या, दंडाला वाकी, कमरेला पट्टा, नाकात नथ आणि खोप्याभोवती गजऱ्यांची चळत. बाई आत कुठेतरी असते. नवरीबद्दल बोलत नाहीये हं, तिचा तो दिवसच असतो. मी बोलतेय नवरीच्या आत्तेबहिणीच्या जावेबद्दल.

यातला एकेक दागिना सुटा घेतला तर देखणा आहे. कोल्हापुरी साजाचंच बघा. २१ पानं. त्यात दहा अवतारांची दहा, अष्टमंगळाची आठ, शिवाय माणकाचं एक, पाचूचं एक आणि डोरलं. एवढी कलाकुसर ज्या एका दागिन्यात आहे, ती दिसायला भोवती जरा मोकळी जागा नको? वर ठुशी आणि खाली लक्ष्मीहार आला की तिन्ही वाया गेले.

माझी आवड सांगते. गडद हिरवी, बारीक चौकड्याची नारायणपेठ, मरून काठ. ब्लाउज काठाच्या रंगाचा, बिनकामाचा, बाही कोपराच्या जरा वर. गळ्यात जोंधळी पोत. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: ज्वारीच्या दाण्यासारखे सोन्याचे मणी, दोन-तीन पदरांत ओवलेले, पदक वगैरे काही नाही. कानात मोत्यांच्या कुड्या. हातात हिरव्या बांगड्यांत एकेक पाटली. झालं.

पण गंमत पुढे आहे. एवढंच घालायचं ठरवलं की बाकीचं सगळं उघड्यावर येतं. फॉल आवळून लावला असेल तर काठ खालून चुण्या धरतो, ते दिसतं. परकर बोटभर खाली आलेला दिसतो. पदराच्या निऱ्या खांद्यावर एका रुंदीच्या नाहीत, पिन वरून लावलीय, ब्लाउजचा हुक सुटायला आलाय, अर्धं उडालेलं नेलपॉलिश, सगळं दिसतं. भरगच्च दागिन्यांत चुरगळलेला पदर खपून जातो. एका पोतीत खपत नाही. म्हणून मला वाटतं, साधं राहणं हे कमी कष्टाचं काम नाही, उलट जास्त कष्टाचं आहे. फक्त ते कष्ट दागिन्यांच्या डब्याजवळ न होता इस्त्रीच्या टेबलाजवळ होतात.

तुमच्या पाहण्यातलं, वापरातलं असं काही असेल तर लिहा. पुरुषांनीही लिहा, नुसते वाचून जाऊ नका.

तिरफळ

+१. आमच्याकडे गोव्यात कुणबी साडी बघा. लाल-पांढरी चौकड, जाडसर सूत, जरीचा पत्ता नाही. शेतात, मळ्यात राबणाऱ्या बायकांचं कापड ते. मधल्या काळात विणणारेच उरले नव्हते. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा विणून घेतली आणि रॅम्पवर नेली, तेव्हा पणजीतल्या लोकांनाही एकदम ती सुंदर दिसायला लागली. स्वतः ते बहुतेक वेळा पांढऱ्या नाहीतर फिक्या सुती-लिनन कपड्यांतच दिसत. या हवेत दुसरं शहाणपणाचं काही नाहीच म्हणा.

आणि गजरा. मोगऱ्याच्या पाच ओळी लावण्यापेक्षा अबोलीचा एक वळेसर. अबोलीला वास नसतो, नुसता रंग. कोणाच्या नाकात जात नाही.

जुनाबाजार

शेवंतीताई, पुरुषांना आमंत्रण दिलंत म्हणून हिंमत करतो.

पुरुषाच्या अंगावर उठून दिसण्यासारख्या वस्तू तीनच: घड्याळ, पट्टा, जोडे. (अंगठ्यांवर बोलत नाही. बोटागणिक ग्रह घालणाऱ्यांशी वाद घालून कोणाचं भलं झालेलं नाही.) यांतलं घड्याळ हा माझा विषय.

गेल्या काही वर्षांत मनगटावर पोळपाट बांधायची फॅशन आलीय. ४५-४६ मिलिमीटरची डबडी, आत तीन छोट्या तबकड्या, ज्यांचं काय करायचं ते घालणाऱ्यालाही माहीत नसतं. शर्टाचा कफ त्यावरून सरकत नाही. याच्यासमोर आपली एचएमटी जनता ठेवा. साधारण ३५ मिलिमीटर, पांढरी तबकडी, रोज किल्ली द्यायची, १७ ज्वेलचं मशीन, तारीख-वार काही नाही. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळूरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना निघाला, आणि पुढची तीसेक वर्षं नोकरी लागली की, जावई झाला की, निवृत्त झाला की एचएमटी, हे ठरलेलं. २०१६ मध्ये सरकारनं कंपनी गुंडाळायचा निर्णय घेतला आणि मग ज्यांनी वडिलांचं घड्याळ ड्रॉवरात टाकलं होतं ते शोधायला लागले.

घ्यायचं असेल तर जपून. ऑनलाइन जी जांभळ्या, पोपटी, नारिंगी तबकड्यांची ‘जुनी एचएमटी’ हजार-दीड हजारात मिळते, तिची तबकडी नव्यानं रंगवलेली असते आणि आतले भाग चार घड्याळांतून काढलेले असतात. तबकडीवरची अक्षरं भिंगातून बघा. मूळ छपाई बारीक आणि धारदार असते, रंगवलेल्यात अक्षरं सुजल्यासारखी दिसतात. थोडा पिवळटपणा असलेली मूळ तबकडी नव्या कोऱ्या रंगवलेलीपेक्षा केव्हाही बरी.

आणि देशी साधेपणाचा आणखी एक नमुना म्हणजे टायटन एज. २००२ सालचं. आतलं यंत्र १.१५ मिलिमीटर जाड, अख्खं घड्याळ साडेतीन मिलिमीटर. कफखाली आहे की नाही कळत नाही. त्यात बढाई मारण्यासारखं खूप आहे, पण घड्याळ स्वतः मारत नाही.

पट्टा काळा असेल तर जोडे काळे, तपकिरी असेल तर तपकिरी. याला काही अक्कल लागत नाही तरी लोक चुकतात.

सातारी_जर्दा

वाचलं सगळं. छान आहे. आता माझं कडू बोल ऐका.

माझ्या आईनं ऊस तोडायला गेलेल्या बायकांबरोबर दिवस काढलेत. तिच्याकडं पहिली बोरमाळ झाली तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. ती पोकळ मण्यांची, आत लाख भरलेली, म्हणजे सोनं बेतानंच. मग भावाला नोकरी लागल्यावर गोठ झाले, मग मी पाटल्या केल्या. आता घरातल्या लग्नात ती सगळं अंगावर घालते. बोरमाळ, मोहनमाळ, गोठ, पाटल्या, सगळं. आणि कोणी वळून बघितलं की तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला बघायचं असतं. तिला जाऊन सांगू का, की ‘आई, नजरेला मोकळी जागा पाहिजे, मोहनमाळ काढ’?

साधेपणा त्याला शोभतो ज्याच्या कपाटात बाकीचं आहे हे गावाला ठाऊक आहे. ज्याचं कपाट रिकामं असतं त्याच्या साधेपणाला लोक दुसरं नाव ठेवतात. सोन्यानं तोळ्याला लाखाचा आकडा ओलांडलाय. एका पोतीत ‘झालं’ म्हणणं ही सुद्धा ऐट आहे. तुमची तुम्हाला दिसत नाही एवढंच.

मनीमोहोर

सातारी, _/\_ . आईंना नमस्कार सांगा. मोहनमाळ काढू नका.

आर्यमा

सातारी_जर्दांनी जिथे बोट ठेवलं तिथूनच पुढे लिहिते, कारण महाराष्ट्रात हा विषय नुसत्या आवडीनिवडीचा कधीच नव्हता.

डिसेंबर १९२७. महाड. मनुस्मृतीचं दहन झाल्यानंतर बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या बायकांसमोर भाषण केलं. त्यात समाज, शिक्षण, मुलांचं संगोपन हे सगळं आहे, पण कपड्यांवर आणि दागिन्यांवर ते ज्या बारकाईनं बोलले ते आजही वाचताना थक्क व्हायला होतं. गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं, गळ्यात भाराभर गळसऱ्या, कोपरापर्यंत कथलाचे नाहीतर चांदीचे गोठ-पाटल्या, हे कोणी हौसेनं ठरवलेलं नव्हतं. लांबून बघितलं की बाई कुठल्या जातीची ते कळावं, एवढाच त्या पेहरावाचा उपयोग उरला होता. बाबासाहेबांचं म्हणणं असं की ओळख पटवणाऱ्या या खुणाच टाकून द्या. लुगडं अंगभर नेसा. दागिना घालायचा तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका. स्वच्छ राहा. आणि बायकांनी ते तिथल्या तिथे ऐकलं. त्याच मुक्कामात लुगडी नव्या पद्धतीनं नेसली गेली, शिकवायला बाबासाहेबांचे महाडचे सहकारी तिपणीस यांच्या घरच्या बायका होत्या.

म्हणजे शेवंती म्हणते ते ‘कमी घाला, नीट घाला’ आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी सांगितलेलं आहे, पण सौंदर्यदृष्टी म्हणून नव्हे. अंगावरचं ओझं उतरवणं म्हणजे लादलेली पायरी उतरवून फेकणं होतं. आणि त्याच माणसाचे स्वतःचे फोटो बघा. इस्त्रीचा सूट, टाय, चष्मा, खिशाला पेन. ज्यांना चांगलं कापड, धातूची भांडी, सोनं वापरायलाच बंदी होती त्यांच्या प्रतिनिधीनं पंचा नेसून हिंडायचं? त्यांना ती चैन परवडणारी नव्हती, आणि त्यांनी ती केली नाही. सुटात भपका शोधून सापडणार नाही, पण एक सुरकुतीही सापडणार नाही.

आमच्या वस्तीत आजही १४ एप्रिलला पांढरी साडी आणि पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा असतो. फार दागिने दिसत नाहीत. यातलं काहीही कोणत्या फॅशनच्या मासिकातून आलेलं नाही.

म्हणून सातारी, तुमच्या आईंनी सगळं घालावं. आणि शेवंती, तूही एकच पोत घाल. फक्त हे दोन्ही ‘आवड’ नावाच्या एकाच खान्यात टाकू नका, एवढंच म्हणायचंय.

शेवंती

आर्यमा, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाक ना. महाडचं भाषण शाळेत कोणी शिकवलं नाही आम्हाला.

सातारी, तुमच्या आईंबद्दल एक शब्दही बोलणार नाही, ज्यानं कमावलं त्यानं मिरवावं. माझा वाद आहे तो भाड्याच्या ‘ट्रॅडिशनल सेट’शी. लाखेची पॉलिश केलेली नथ, प्लास्टिकचे मोती, एकाच साच्यातून पडलेली ठुशी, चारशे रुपये दिवसाला. तुमच्या आईंच्या बोरमाळेला इतिहास आहे. या सेटला परत करायची तारीख आहे. आणि ऐट म्हणाल तर आहेच की हो. साधं राहणाऱ्याला ऐट नसते असं कोण म्हणालं? फक्त ती चार पावलं जवळ आल्याशिवाय दिसू नये, एवढा हट्ट.

बे_एरिया_बंड्या

इकडे २०२३ मध्ये ‘क्वाएट लक्झरी’चं वारं सुटलं होतं. लोगो नसलेला स्वेटर, लोगो नसलेली टोपी, रंग सगळे ओटमीलचे. किंमत बघितली की घेरी येईल. खेळ असा की सामान्य माणसाला ते ओळखू येऊ नये, पण ज्याच्याकडे तसाच स्वेटर आहे त्याला दहा फुटांवरून कळावं. हा साधेपणा नव्हे, हा सांकेतिक भाषेतला भपका. सातारींशी सहमत.

माझं म्हणाल तर खादीचा नेहरू सदरा, दंडाच्या घड्या नीट, ऑफिसच्या दिवाळीला. लोक विचारतात कुठून घेतला. मी सांगतो, पुण्याहून, आणि भाव सांगत नाही.

पिंगळा

आता एक उलटं उदाहरण देतो, चर्चा फार एका सुरात चाललीय.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची आणि चिमणाबाईंची मुलगी इंदिरादेवी. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न हिनं स्वतः मोडलं आणि कूचबिहारच्या जितेंद्रनारायणांशी लग्न केलं. ते १९२२ मध्ये गेले. विधवा म्हणून फिके, पांढरे रंग आले. हिनं काय केलं, तर फ्रान्सहून साडीच्या पन्ह्याचं शिफॉन विणवून आणलं. भारतात शिफॉनची साडी रुजवण्याचं श्रेय तिलाच देतात. पुढे मुलगी गायत्रीदेवी जयपूरला गेली आणि फिकं शिफॉन व मोत्याचा सर ही जगभर साधेपणाची मोठी खूण ठरली.

आता याच इंदिरादेवी इटलीत साल्वातोरे फेरागामोकडून जोडे बनवून घेत, आणि त्यावर लावायला हिरे-मोती स्वतःच्या खजिन्यातले पाठवत! म्हणजे वर पांढरं शिफॉन आणि निऱ्यांखाली हिरे. साधेपणा म्हणावा की नाही, तुम्हीच ठरवा. मला तर ही बाई भारी आवडते. वैधव्यानं रंग काढून घेतले, तिनं कापडाचा पोत आणला. आणि उरलेली हौस पायाखाली घातली.

मनीमोहोर

पिंगळा, कसला भारी किस्सा. पांढऱ्या साडीवरून आठवलं, लतादीदी. पांढरी साडी, रंगीत काठ, दोन वेण्या आणि कानात हिरे. हिरे अस्सल पण साडी अशी की हिरे आधी दिसत नसत.

कोल्हापूरकरीण

चपलेचं कोणीच बोलेना म्हणून आले. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आमची कोल्हापुरी चालवली आणि नाव घेतलं नाही. बोंब झाल्यावर मग मान्य केलं. भौगोलिक मानांकन २०१९ पासून आहे, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे मिळून.

खरी ओळखायची असेल तर उलटी करा. तळाला खिळा नसतो, चामड्याच्याच वादीनं शिवलेली असते. कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, म्हणून वास औषधी येतो, रबरी नाही. सुरुवातीला चावते, त्याला रोज रात्री तेलाचं बोट. भिजवायची नाही, भिजली तर सावलीत वाळवायची. साधेपणासाठी कापशी प्रकारची घ्या, गोंडा-जरी नको. आणि करकर वाजणारी घेणार असाल तर या धाग्याचं सदस्यत्व रद्द समजा :)

शिवणक्लास

कपड्यांच्या मापाबद्दल एक. भारी कापड ढिलं शिवलं तर स्वस्त दिसतं, साधं कापड मापात शिवलं तर भारी दिसतं. शर्ट किंवा कुर्ता घालून आरशासमोर उभे राहा. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर, जिथून हात खाली वळतो तिथे बसली पाहिजे. ती दंडावर उतरली की माणूस मोठ्या भावाचे कपडे घातल्यासारखा दिसतो. कंबर, बाही, उंची सगळं नंतर दुरुस्त होतं. खांदा चुकला तर कपडा उसवून पुन्हा शिवावा लागतो, आणि कोणीही शिंपी ते आनंदानं करत नाही. म्हणून तयार कपडे घेताना आधी खांदा बघा, मग रंग.

ब्लाउजचंही तेच. गळ्याला लटकन, पाठीला खिडकी, बाहीला आरीकाम करायला पैसे आहेत, पण काखेतल्या चुणीकडे लक्ष नाही.

निशिगंधा२१

पहिल्यांदाच लिहितेय. सासूबाईंनी त्यांचा मोत्यांचा तन्मणी दिलाय, त्यांच्या आईचा आहे. मोती पिवळट पडलेत आणि दोरा सैल झालाय, दोन मोत्यांमध्ये फट दिसते. मला तो रोजच्या सुती साडीवर घालायचाय, ऑफिसला. घरी एकीनं सांगितलं लिंबानं धू, दुसरी म्हणते टूथपेस्ट. काय करू?

सराफकट्टा

निशिगंधाताई, लिंबू लावू नका! मोती म्हणजे शेवटी कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की वरचं पाणी जातं, ते परत येत नाही. टूथपेस्टनं ओरखडे पडतात, कारण मोती मऊ असतो. घामानं, सेंटनं, हेअरस्प्रेनंही हळूहळू तेच होतं. म्हणून मोती सगळ्यात शेवटी घालायचा, सगळ्यात आधी काढायचा आणि मऊ फडक्यानं पुसून ठेवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या मलमलीत गुंडाळा. सोन्याच्या दागिन्यांबरोबर एका डब्यात नको, सोनं त्याला घासतं.

वयानं आलेला पिवळेपणा जात नाही, आणि घालवूही नका. जुन्या मोत्याला जो साय आल्यासारखा रंग असतो तो नव्याला आणता येत नाही. आजीचा आहे म्हणता, तर कदाचित बसराही (आखातातला नैसर्गिक मोती) असेल, पण आशा लावत नाही. जपानच्या मिकिमोतोनं १८९३ साली मोती पिकवून दाखवला, आणि १९३० च्या आसपास आखातातल्या नैसर्गिक मोत्यांचा बाजार बसला. त्यानंतरचे बहुतेक मोती पिकवलेलेच. दातावर हलकेच घासून बघा. खरा किंचित रवाळ लागतो, काचेचा गुळगुळीत. पण नैसर्गिक की पिकवलेला हे दात सांगणार नाहीत, त्याला प्रयोगशाळेत एक्स-रे लागतो.

दोरा मात्र लगेच बदला. आता घालून बाहेर जाऊ नका.

निशिगंधा२१

खूप आभार काका! लिंबू कापून ठेवलं होतं खरंच. गाठवायला कुठे देऊ? सोनाराकडे दिलं तर तो बाहेर पाठवतो म्हणाला.

सराफकट्टा

सोनार पाठवणार तो पटवेकऱ्याकडेच, म्हणजे दागिने गाठवणाऱ्याकडे. तुम्हीच थेट जा. पुण्यात असाल तर रविवार पेठ-लक्ष्मी रोडच्या बाजूला चौकशी करा, जुन्या सराफी गल्ल्यांतून एखादा तरी बसलेला असतो. समोर बसून गाठवून घ्या, मोती मोजून द्या आणि मोजून घ्या. रेशमाचा दोरा सांगा, नायलॉन नको, आणि प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारायला सांगा. तुटला तरी एकच मोती सुटतो. खोड, म्हणजे तन्मणीचं मधलं पदक, तेवढं जुनंच ठेवा, नवं लावायचा आग्रह करतील.

शेवंती

निशिगंधा, गाठवून झाला की साडीचा रंग कोणता घेतलास ते इथे लिही. करवतकाठी टसर असेल तर मला आधी कळव, मी भंडाऱ्याच्या एका विणकराकडून मागवतेय, दोघींची एकदम मागवू.